शेवळ आणि सुरण: एकाच घरातली दोन खाजरी

वळवाचे दोन पाऊस झाले की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारांत आदिवासी बायका शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. ही शेवळं सुरणाची सख्खी भावंडं आहेत, हे सांगितलं तरी चटकन पटत नाही. दोघांचं कूळ अळूचं आणि प्रजातीही (जीनस) एकच, अ‍ॅमोर्फोफॅलस. सुमात्रातलं तीन मीटरपर्यंत वाढणारं, सडक्या मांसाचा वास मारणारं टायटन अ‍ॅरमही याच प्रजातीतलं.

सुरणाचा आपण गड्डा खातो. शेवळाचा खातो तो न उमललेला फुलोरा, म्हणजे मधला दांडा आणि त्याला गुंडाळलेलं जांभळट आवरण. शेवळं निवडताना बुडाशी पिवळे दाणे दिसतात. ते खाजतात म्हणून तेवढा भाग कापून टाकायचा असतो. खरी फुलं म्हणजे हेच दाणे! खाली मादीफुलं, वर नरफुलं. सुरणाचा फुलोरा मात्र बुटका, जमिनीलगत बसलेला, वर सुरकुतलेला गोळा. उमलला की तो गरम होतो आणि कुजक्या मांसासारखा घाणेरडा वास सोडतो. त्या वासाला भुलून भुंगेरे आणि माश्या येतात. मादीफुलं आधी तयार होतात, पराग नंतर सुटतो, त्यामुळे स्वतःचाच पराग स्वतःला लागणं टळतं.

दोन्हींत फूल आधी, पान मागाहून. आणि पान एकच! सुरणाचं खोड वाटतं तो त्या एकुलत्या एक पानाचा ठिपकेदार देठ असतो.

खाज येते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म, सुईसारख्या स्फटिकांमुळे. शिजवून या सुया विरघळत नाहीत. त्यांच्या जोडीला असलेली प्रथिनं उष्णतेने निकामी होत असावीत, असा संशोधकांचा कयास आहे. स्वयंपाकघरातला उपाय आंबटाचा: सुरणाला चिंच किंवा आमसूल, शेवळाला काकड या झाडाची आंबट फळं. काकडं नसतील तर शेवळं घेऊच नयेत, असं माझं मत. सुरणाच्या ‘गजेंद्र’ या लागवडीच्या वाणाने ही कटकट बरीच कमी केली. शेवळ अजून पश्चिम घाटात रानटीच आहे, त्याची खाज कोणी निवडून काढलेली नाही.

शेवळ खुडलं की त्या झाडाला त्या वर्षी बी धरत नाही. कंद शाबूत राहतो, पण नवी रोपं बियांतूनच लांब पसरतात. म्हणून रानातल्या एका जागची सगळी शेवळं खुडू नयेत, चार उभी राहू द्यावीत.