कूलंटचे दोन डबे: रेडी-मिक्स आणि कॉन्सन्ट्रेट

कूलंट घ्यायला स्पेअर पार्टच्या दुकानात गेलं की बहुतेक वेळा दोन डबे पुढे येतात. रंग तोच, आकार तोच, किमतीत मात्र बराच फरक. एक रेडी-मिक्स, म्हणजे पाणी आधीच मिसळलेलं. दुसरं कॉन्सन्ट्रेट, त्यात पाणी आपण मिसळायचं. लेबलवरच्या या बारीक अक्षरांकडे लक्ष न गेल्यामुळे भल्याभल्या गाड्यांचे रेडिएटर आतून कुजतात.

आधी कूलंट नेमकं काय करतं ते पाहू. उष्णता वाहून नेण्यात साधं पाणी उत्तमच आहे. पण इंजिनात बीडाचा (ओतीव लोखंडाचा) नाहीतर अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, अ‍ॅल्युमिनियमचं हेड, जुन्या रेडिएटरमध्ये तांबं-पितळ आणि सोल्डरचा डाग, असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात भिजत असतात. अशा वेळी धातू एकमेकांना खातात, आणि पाण्यात क्षार असले की हे काम अधिकच वेगाने होतं. कूलंटमधली गंजरोधक रसायनं धातूवर पातळ थर धरून हे थोपवतात. सोबतचं इथिलीन ग्लायकॉल पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं आणि गोठणबिंदू खाली नेतं.

मी एक जुनी गाडी घेतली होती. तिच्या कूलंटच्या रिझर्व्ह टाकीत काळ्या चहासारखं पाणी होतं. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलं होतं. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं. रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा थर साचला होता, वॉटर पंपाची पाती झिजली होती. त्या दिवसापासून मी या विषयाकडे दुर्लक्ष केलेलं नाही.

कॉन्सन्ट्रेटबद्दल एक समज फार पक्का आहे: घट्ट म्हणजे जास्त ताकदीचं, मग पाणी कशाला घाला? हे साफ चूक आहे. ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता उचलत नाही, शिवाय ते दाट असल्याने नळ्यांतून जड वाहतं. नुसत्या ग्लायकॉलवर घाट चढणारी गाडी जास्त तापेल. थंडीतही तसंच. शुद्ध ग्लायकॉल साधारण उणे 13 अंश सेल्सियसला गोठतं, निम्मं पाणी घातलेलं मिश्रण मात्र उणे 37 च्या आसपास.

रेडी-मिक्सची चूक बरोबर उलटी. तयार मिश्रणात कुणीतरी 'थोडं वाढवू या' म्हणून पुन्हा पाणी घालतं. निम्म्या प्रमाणाचं मिश्रण पुन्हा निम्मं केलं की ग्लायकॉल 25 टक्क्यांवर येतं आणि गंजरोधकही तेवढंच विरळ होतं. सगळ्या रेडी-मिक्समध्ये ग्लायकॉलचं प्रमाण सारखं नसतं, म्हणून डब्यावरचा आकडा वाचाच. हिवाळ्यात हिमाचलमधल्या स्पितीला निघालात तर तो आकडा फार महत्त्वाचा ठरतो.

मग कुठे काय वापरायचं? पातळी थोडी उतरली असेल तर रेडी-मिक्स, डोळे मिटून. सगळं कूलंट बदलायचं असेल तर मी कॉन्सन्ट्रेटच घेतो, आणि त्याचं कारण सहसा कुणी सांगत नाही. रेडिएटरखालचा ड्रेन उघडला तरी ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या नळ्यांत बरंच पाणी अडकून राहतं. फ्लश केल्यावर, म्हणजे सिस्टिम आतून पाण्याने धुतल्यावर, वर रेडी-मिक्स भरलं, तर आत राहिलेल्या पाण्याने ते पातळ होतं. म्हणून सिस्टिम 5 लिटरची असेल तर आधी अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट ओतायचं, उरलेली जागा डिस्टिल्ड वॉटरने भरायची. फ्लशचं शेवटचं पाणीही डिस्टिल्डच हवं. नळाचं नको, बोअरचं तर नकोच.

रंगावर मात्र विसंबू नका. हिरवा, गुलाबी, निळा हा नुसता रंग आहे, त्याला ठरलेला अर्थ नाही. आतलं गंजरोधक कोणत्या जातीचं, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून जुळवायचं. न जुळणारी कूलंट एकत्र झाली तर गंजरोधकाचं आयुष्य घटतं, कधीकधी गाळही धरतो.

पातळी पाहायची ती सकाळी, गाडी सपाट जागेवर आणि इंजिन गार असताना. टाकीवरच्या दोन खुणांच्या मध्ये. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर डबे आणणं थांबवून गळती शोधा. इंजिन ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसला तर गाडी चालवू नका, हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग, गेलेलं असू शकतं.

काढलेलं कूलंट उघड्या बादलीत अंगणात ठेवू नका. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री ते चाटतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून ते गॅरेजला द्या.