डच सामासिक शब्द : अक्षरविभागणी व उच्चार

डच भाषेत दोन किंवा अधिक नामे जोडून झालेला शब्द मध्ये जागा न सोडता सलग लिहिण्याची पद्धत असल्यामुळे, काम करण्यास असमर्थ झालेल्यांसाठीच्या विम्याचे साधे नावही रोमन लिपीत ३३ वर्णांचे होते. त्याची अक्षरे (एका झटक्यात उच्चारले जाणारे तुकडे) मात्र दहाच : आर-बैट्स-ऑन-ख-स्खिक्ट-हैट्स-फर-झे-क-रिंग. (येथे ‘ख’ घर्षक, म्हणजे हवा घासत बाहेर पडून उच्चारला जाणारा, असून ‘झ’ ‘झाड’मधल्यासारखा आहे.) असा शब्द वाचताना खरी अडचण जिभेची नसते, त्यातले सांधे ओळखणे हीच अडचण असते.

एरवी दोन स्वरांमधले व्यंजन पुढच्या अक्षराला जोडले जाते. समासात मात्र घटकाची सीमा या नियमावर मात करते. ‘आवॉन्ट’ (संध्याकाळ) हा शब्द लिहिताना शेवटी ‘ड’चा वर्ण असतो, पण डचमध्ये शब्दान्ती घोष (‘ड’सारखी, स्वरतंतूंच्या कंपनाने उच्चारली जाणारी) स्फोटक (हवा अडवून एकदम सोडून उच्चारलेली) व घर्षक व्यंजने अघोष (‘ट’सारखी, कंपनाविना) होतात. अनेकवचनात, ‘आवॉन्डन’मध्ये, तो ‘ड’ परत येतो. ‘आवॉन्ट-एटन’ (रात्रीचे जेवण) या समासात पुढे स्वर असूनही येत नाही. सांधा कानाला कळतो तो असा. ‘झाक’ (खिसा) आणि ‘डूक’ (कापड) मिळून झालेला रुमाल मात्र, पुढच्या घोष ‘ड’मुळे ‘क’ही घोष होऊन, ‘झाग्डूक’ होतो, आणि अस्सल डच शब्दांत एरवी न आढळणारा स्फोटक ‘ग’ अशा ठिकाणीच ऐकू येतो.

सांधा चुकला की अर्थच पालटतो. एकच लेखन ‘डैक-राम्प’ वाचले तर बंधाऱ्याची दुर्घटना, ‘डै-क्राम्प’ वाचले तर मांडीतला पेटका.

संस्कृत संधीत ‘विद्या’ आणि ‘आलय’ यांचे स्वर मिसळतात, तसे डचमध्ये होत नाही. ‘झे-एन्ट’ (समुद्री बदक) या शब्दात एकच स्वरवर्ण लागोपाठ चार वेळा येतो. पूर्वी त्यांतील तिसऱ्यावर दोन टिंबे देत, १९९५च्या लेखनसुधारणेपासून तेथे संयोगचिन्ह येते. त्याच सुधारणेने ‘पानकूक’ (पॅनकेक) या शब्दाच्या सांध्यात, ‘कूक’च्या आधी, लेखनापुरता आणखी एक ‘न’ घातला. बहुतेकांच्या बोलण्यात तो उतरला नाही.

मुख्य आघात सहसा पहिल्या घटकावर आणि दुय्यम आघात पुढच्या घटकावर असतो. अपवाद नेहमीच्या शब्दांतही सापडतात : नगरभवनाला ‘स्टाट्‌हौस’ म्हणताना जोर ‘हौस’वर पडतो.