एएलएस झालेला माणूस आयर्नमॅन पूर्ण करतो तेव्हा

असाध्य आजार झालेला एखादा खेळाडू शर्यत पूर्ण करतो, त्याचा व्हिडिओ फिरत फिरत आपल्या फोनवर येतो आणि खाली एक ओळ हमखास असते: 'इच्छाशक्तीपुढे आजार हरला.' मला ही ओळ खटकते. आजार हरलेला नसतो. त्या माणसाच्या शरीरात त्या वेळी जे चाललेलं असतं, ते या ओळीपेक्षा कितीतरी थक्क करणारं असतं आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.

जॉन ब्लेझचंच घ्या. हा अमेरिकन ट्रायथलॉनपटू. मे 2005 मध्ये, वयाच्या 33व्या वर्षी त्याला एएलएसचं निदान झालं. आपल्याकडचे डॉक्टर याला बहुतेकदा एमएनडी, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीज म्हणतात. स्नायूंची ताकद हळूहळू हिरावणारा, स्टीफन हॉकिंग यांना झाला होता तोच आजार. हॉकिंग पन्नासहून अधिक वर्षं जगले, पण ते फार मोठा अपवाद. लक्षणं सुरू झाल्यापासून बहुतेक रुग्णांच्या हाती दोन ते पाच वर्षंच असतात. ब्लेझला हे पुरतं ठाऊक होतं. तरीही त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हवाईतल्या कोना इथं तो आयर्नमॅनच्या जागतिक स्पर्धेत उतरला. समुद्रात 3.8 किमी पोहायचं, लाव्हाच्या काळ्या माळावरून उन्हावाऱ्यात 180 किमी सायकल चालवायची आणि मग 42.2 किमी धावायचं, सगळं 17 तासांच्या आत. (गोव्यात 2019 साली सुरू झालेली आयर्नमॅन याच्या निम्म्या अंतराची आहे.)

साधारण साडेसोळा तासांनी ब्लेझ शेवटच्या रेषेपाशी पोचला, जमिनीवर आडवा झाला आणि लोळत लोळत त्यानं ती पार केली. लोळत जावं लागलं तरी रेषा ओलांडणार, असं तो आधीच बोलून बसला होता. मे 2007 मध्ये तो गेला, तेव्हा त्याचं वय 35 होतं.

आता प्रश्न असा, की ज्या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशीच मरत जातात, त्या आजारात माणूस साडेसोळा तास हातपाय चालवतो कसा? एएलएसचं निदान लक्षणं दिसू लागल्यावर अनेकदा जवळजवळ वर्षभरानं होतं, म्हणजे शर्यतीच्या दिवशी ब्लेझच्या किती तरी चेतापेशी आधीच संपलेल्या असणार. मग उरलेल्यांनी काय केलं?

त्यासाठी स्नायूची जोडणी बघावी लागते. मेरुरज्जूत प्रेरक चेतापेशी असतात. प्रत्येकीपासून एक लांब अक्षतंतू निघतो. पायाच्या पंजाकडे जाणारा अक्षतंतू तर मीटरभर लांब असतो, आणि हे सगळं एकाच पेशीचं अंग! स्नायूत पोचल्यावर त्याला फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एकेका स्नायूतंतूला जाऊन भिडतो. डोळा हलवणाऱ्या स्नायूत एका चेतापेशीच्या ताब्यात दहाबारा तंतू असतात, पोटरीत हजाराच्या वर. चेतापेशीनं इशारा दिला की तिच्या ताब्यातले सगळे तंतू एकदमच आकुंचन पावतात. चेतापेशी आणि तिचे तंतू मिळून जे होतं त्याला मोटर युनिट म्हणतात.

ही युनिट सारखी नसतात. लहान चेतापेशींच्या ताब्यातले तंतू थोडे, संथ आणि लालसर असतात. त्यांच्यात मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाकेंद्रं, भरपूर, त्यामुळे ते तासन्‌तास थकत नाहीत. मोठ्या चेतापेशींकडे पुष्कळ, जोरकस तंतू असतात, पण ते काही सेकंदांत ते मिनिटाभरात दमतात. काम पडलं की आधी कोणाला बोलवायचं, हे मेंदू एकेका पेशीचा विचार करून ठरवत नाही. एलवुड हेनेमन या अमेरिकन शास्त्रज्ञानं 1957 मध्ये दाखवलं की क्रम ठरतो तो पेशीच्या आकारावरून, आणि त्यामागे शाळेतला ओहमचा नियमच आहे. लहान पेशीच्या पटलाचं क्षेत्रफळ कमी, म्हणून विद्युतरोध जास्त. तेवढीच धारा आत आली तरी V = IR प्रमाणे तिच्यात विभवबदल जास्त होतो आणि ती आधी पेटते, म्हणजे इशारा देते. मोठीला पेटायला जास्त धारा लागते. म्हणून सावकाश चालताना फक्त लहान युनिट कामाला लागतात आणि बस पकडायला धावलो की मोठीही सामील होतात. शरीरातली मला सर्वांत आवडणारी व्यवस्था हीच. कुणी मुकादम नाही, यादी नाही, निव्वळ भौतिकशास्त्र, आणि तरीही न दमणारे पुढे आणि दमणारे राखीव.

एएलएस या व्यवस्थेत घुसतो तो मोठ्यांच्या बाजूनं. उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट दिसलंय की सर्वांत मोठ्या, लवकर दमणाऱ्या युनिटच्या चेतापेशींचा स्नायूशी असलेला सांधा सर्वांत आधी सुटतो आणि संथ युनिट सर्वांत उशिरापर्यंत टिकतात.

चेतापेशी मेली की तिचे तंतू अनाथ होतात, पण लगेच मरत नाहीत. शेजारच्या जिवंत अक्षतंतूंना नवे कोंब फुटतात आणि ते या पोरक्या तंतूंना दत्तक घेतात. आकडे मांडून बघू. समजा एका स्नायूत 100 चेतापेशी आहेत आणि प्रत्येकीकडे 200 तंतू, एकूण 20,000. निम्म्या चेतापेशी मेल्या, पण उरलेल्या 50 जणींनी प्रत्येकी 400 तंतू सांभाळले, तर ताकद कागदावर तरी तेवढीच राहते. माणसाला काही जाणवतही नाही. सुईचा ईएमजी, म्हणजे स्नायूतले विद्युत संकेत टिपणारी तपासणी, केला की मात्र उघड होतं. एकेका युनिटचा विद्युत संकेत नेहमीपेक्षा कितीतरी मोठा दिसतो. एक चेतापेशी आपल्या मूळ पसाऱ्याच्या साधारण पाचपट तंतू सांभाळू शकते, त्यापुढे कोंब फुटत नाहीत. आपल्या उदाहरणात 20 चेतापेशी उरेपर्यंत कसंबसं भागतं. त्यानंतर मरणारी प्रत्येक चेतापेशी एकदम हजार तंतू घेऊन जाते. म्हणून रुग्णाला वाटतं, आजार अचानक वेगानं वाढला. प्रत्यक्षात पेशी आधीही तशाच मरत होत्या, झाकणारं कुणीतरी होतं ते आता उरलं नाही. पोलिओतून बरे झालेल्यांना तीसचाळीस वर्षांनी पुन्हा अशक्तपणा जाणवू लागतो, त्यामागेही याच फुगलेल्या युनिटची दमछाक असल्याचं मानलं जातं.

आणखी एक गोष्ट, जी वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. संथ चेतापेशीनं जोरकस तंतू दत्तक घेतला तर काय होतं? तंतू आपला स्वभाव बदलतो. ऑस्ट्रेलियात 1960 मध्ये बुलर, जॉन एकल्स आणि एकल्स यांची मुलगी रोझमंड यांनी मांजरांमध्ये संथ आणि वेगवान स्नायूंच्या नसा कापून एकमेकींच्या जागी जोडल्या. वेगवान स्नायू संथ झाला आणि संथ स्नायू वेगवान. तंतू कसा वागणार हे बऱ्याच अंशी त्याला हुकूम देणारी चेतापेशी ठरवते. पुढे एएलएस रुग्णांच्या स्नायूच्या तुकड्यातही हे दिसलं. निरोगी स्नायूत दोन्ही प्रकारचे तंतू बुद्धिबळाच्या पटासारखे मिसळलेले असतात, रुग्णाच्या स्नायूत एकाच प्रकारच्या तंतूंचे पुंजके होतात.

आता हे सगळं कोनाच्या रस्त्यावर आणा. पुढचा भाग माझा तर्क आहे, ब्लेझच्या स्नायूंचे अहवाल मी पाहिलेले नाहीत. आजार आधी नेतो ती युनिट वेगासाठी, उडीसाठी, वजन उचलण्यासाठी लागतात. साडेसोळा तासांच्या शर्यतीत ती फारशी लागतच नाहीत. लागतात ती संथ युनिट, आणि ती तर बरीचशी जिवंत होती, शिवाय काही पोरके तंतू आपल्याकडे वळवून बसली होती. शंभर मीटरची शर्यत त्याला अशी पेलली नसती. पण त्याच्याकडे राखीव असं काही उरलेलं नव्हतं. चढ आला, वारा आला, की आपल्या मदतीला धावणारी मोठी युनिट त्याला मिळत नसणार, आणि होती तीच दुप्पटतिप्पट ओझं वाहत असणार. हे कळल्यावर ब्लेझबद्दलचा माझा आदर वाढला. बरं व्हावं म्हणून तो शर्यतीत उतरला नव्हता, तो मार्ग नव्हताच. लोकांना या आजाराचं नाव कळावं, संशोधनाला पैसा मिळावा, म्हणून तो उतरला, आणि नंतरची वर्षं किती तरी खेळाडू त्याच्यासाठी आयर्नमॅनची रेषा लोळत पार करत राहिले.

इच्छाशक्ती त्याच्याकडे होतीच. पण तिनं एकही चेतापेशी वाचवली नाही. घरात असा रुग्ण असेल तर त्याला 'तो बघ कसा धावला, तूही मनावर घे' असं कृपा करून ऐकवू नका. ज्याची संथ युनिटही गेली आहेत, त्यानं मनावर घेऊन काय करायचं?

दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, डोळा लवणं. पुरुषाचा उजवा लवला की शुभ, बाईचा डावा लवला की शुभ, ही जुनी समजूत. हल्ली नवी भीती आली आहे: इंटरनेटवर वाचून लोकांना वाटतं की पापणी फडफडली म्हणजे एएलएस. पापणीचं फडफडणं बहुतेक वेळा जागरण, ताण किंवा जास्त चहाकॉफीचं असतं, ना शुभ ना एएलएस. अशक्तपणा नसताना नुसतं स्नायू उडणं हे या आजाराचं लक्षण सहसा नसतं. हात किंवा पाय खरोखर क्षीण होत असेल, बोलणं जड होत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जा.

दुसरी, स्टेम सेलचे दवाखाने. घाबरलेल्या कुटुंबांकडून लाखो रुपये घेऊन एमएनडी बरा करण्याची आशा विकली जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारख्या मोजक्या कारणांपलीकडे स्टेम सेल फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच वापरता येतात, आणि चाचणीत भाग घेण्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. पैसे मागितले की तिथून उठा.

खरी औषधं थोडी आहेत. 1995 पासून मिळणारं रिलुझोल आयुष्य काही महिन्यांनी वाढवतं. 2023 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं टोफर्सन फक्त एसओडी1 या जनुकात बिघाड असलेल्यांसाठी आहे आणि असे रुग्ण शंभरात दोनच्या आसपास. रात्री मास्कमधून हवा देणारं यंत्र मात्र श्वासाचे स्नायू थकू लागलेल्या रुग्णांना वेळ आणि झोप दोन्ही देतं. आणि डोळा हलवणाऱ्या स्नायूंच्या चेतापेशी या आजारात बहुतेकदा शेवटपर्यंत शाबूत राहतात, म्हणून नजरेवर चालणारा संगणक घेता आला तर हातपाय आणि आवाज गेल्यावरही रुग्ण बोलू शकतो. त्याची सवय हात चालत असतानाच करून घ्यावी.