अवरक्त छायाचित्रण : सोलापूरचा भुईकोट आणि समाधिस्थळे

अवरक्त छायाचित्रण (बोलीत ‘इन्फ्रारेड फोटोग्राफी’) म्हणजे तांबड्या रंगापलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांनी केलेले छायाचित्रण. हे किरण विल्यम हर्शेलने १८०० मध्ये शोधले. रॉबर्ट वुडने १९१० मध्ये या किरणांनी टिपलेली निसर्गदृश्ये प्रसिद्ध केली. त्यात झाडे बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसत होती. वुडच्या नावावरून याला ‘वुड परिणाम’ म्हणतात. हरितद्रव्य हे किरण शोषत नाही. पानातल्या पेशींमधल्या हवेच्या पोकळ्यांवरून ते विखरून परत फिरतात. पाणी मात्र ते शोषून घेते आणि काळे दिसते.

लष्कराने हा फरक लवकर हेरला. तोफेवर ताणलेले हिरवे कापड नुसत्या डोळ्यांना झाडीत मिसळून जाते, पण अवरक्त फिल्मवर खरी पाने उजळतात आणि साधा हिरवा रंग काळपट राहतो. दुसऱ्या महायुद्धात छुपी ठाणी हुडकायला अशी फिल्म वापरली गेली. आज तीच युक्ती पडक्या तटांच्या नोंदीसाठी कामी येते.

सोलापूरचा भुईकोट त्यासाठी उत्तम जागा आहे. बहमनी काळातल्या या किल्ल्याला दुहेरी तट आहे, तीन बाजूंना खंदक आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव. मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांच्या सैन्याकडून घेतला. आज खरा वेढा पिंपळाचा आहे. बुरुजाच्या दोन दगडांमधल्या फटीत बोटभर रोपटे उगवले, तर साध्या फोटोत ते शेवाळलेल्या दगडात हरवते. अवरक्त फोटोत काळ्या दगडावर पांढरा ठिपका होऊन डोळ्यांत भरते. मुळे आत शिरून चिरे सरकवण्याआधीच ते सापडलेले बरे.

तलावाच्या मधोमध असलेल्या देवळात बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धरामेश्वरांची समाधी आहे. काठावरून टिपल्यास पाणी शाईसारखे, काठची झाडे पांढरी आणि आकाश गडद येते. चित्र देखणे दिसते, पण नोंद म्हणून त्याचे मोल बेताचेच. भीमेकाठी माचणूरला औरंगजेबाची छावणी १६९५ ते १६९९ या काळात होती. तिथे नदीपात्र, झाडी आणि तटाची रेघ यांच्या सीमा अधिक स्पष्ट निघतात. थडग्यांवरची झिजलेली अक्षरे वाचायला मात्र हे तंत्र फारसे उपयोगी नाही. तिथे सकाळचे तिरपे ऊन किंवा कागदावर घेतलेला ठसाच खरा.

एक गैरसमज हटत नाही : असा कॅमेरा कबरस्तानात ‘काहीतरी’ पकडतो. त्याला ना भूत दिसते, ना अंगाची ऊब. उष्णता टिपणारे थर्मल कॅमेरे वेगळे. ते ८ ते १४ मायक्रॉनच्या, म्हणजे ८,००० ते १४,००० नॅनोमीटरच्या पट्ट्यात काम करतात.

डिजिटल कॅमेऱ्याच्या संवेदकापुढे अवरक्त किरण अडवणारी काच असते. ती काढून तिथे अवरक्त किरण सोडणारा फिल्टर बसवतात, किंवा ती तशीच ठेवून भिंगावर दिसणारा प्रकाश अडवणारा ७२० नॅनोमीटरचा फिल्टर चढवतात. दुसऱ्या मार्गात शटर कित्येक सेकंद उघडे ठेवावे लागते, तिवई लागते आणि वारा सुटला की पाने पुसट होतात. फोकसही किंचित सरकतो. जुन्या भिंगांवर त्यासाठी लाल खूण असे. एरवी छायाचित्रकार सोलापूरची भर दुपार टाळतात, इथे मात्र तीच हवी असते. धुळकट उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यानंतरचे स्वच्छ आकाश आणि भरलेला पाला अधिक सोयीचा.

भुईकोट केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असल्याने तिवईसाठी आधी परवानगी काढावी लागते. नोंद ठेवताना त्याच जागेवरून एक साधा आणि एक अवरक्त असे जोडफोटो घेतात आणि उभे राहण्याची जागा लिहून ठेवतात, म्हणजे पुढच्या वर्षी तोच ठिपका केवढा झाला ते मोजता येते.