गणिताची धास्ती आणि डिस्कॅल्क्युलिया: प्रगतिपुस्तकात दोन्ही सारखेच दिसतात

“आमच्या घरात कुणालाच गणित नाही हो.” शिकवणीला मूल घेऊन आलेली आई हे हसत हसत सांगते, तेव्हा मूल शेजारीच उभं राहून ऐकत असतं. गणिताशी छत्तीसचा आकडा असणं म्हणजे जणू नाकाच्या ठेवणीसारखी घराण्यातून आलेली गोष्ट. हल्ली या वाक्याला शेपूट जोडलेलं असतं: “याला डिस्कॅल्क्युलिया तर नसेल?” मोबाइलवर कुठेतरी वाचलेलं असतं.

एक आहे मनात बसलेली समजूत आणि तिची धास्ती; दुसरी, म्हणजे डिस्कॅल्क्युलिया, ही आकडे समजण्यातली खरीखुरी अध्ययन अक्षमता, शिकण्यातली अडचण. शंभरात चौदा गुण दोघांनाही पडतात, म्हणून गल्लत होते. आणि गल्लत झाली की एकाचं औषध दुसऱ्याला जातं.

माझ्याकडे सातवीतली एक मुलगी यायची. वडिलांचा भाजीचा गाडा, संध्याकाळी ही तिथेच. वांगी वीसची, मटार साठचा, कोथिंबीर दहाची. शंभराची नोट हातात पडायच्या आत दहा परत काढलेले. तोच हिशोब मी वहीत लिहिला: १०० − (२० + ६० + १०). कंस दिसला आणि पेन्सिल खाली. “सर, मला गणित येत नाही.” मग मी जे विचारीन त्याला पाठ केल्यासारखं तेच उत्तर.

ही धास्ती. ती जागा बघून येते. गाड्यावर नाही, फळ्यापुढे आहे. तोंडी नाही, घड्याळ लावलेल्या पेपरात आहे. याचं कारणही बऱ्यापैकी माहीत आहे. आकडेमोड करताना ‘हातचा एक’ क्षणभर डोक्यात धरून ठेवावा लागतो, आणि अशा तात्पुरत्या धरून ठेवण्याला मेंदूत जागा अगदी थोडी असते. “आता चुकणार, सगळे हसणार” हा घोर तीच जागा अडवतो. हातचा निसटतो, उत्तर चुकतं आणि समजुतीला आणखी एक पुरावा मिळतो. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की गणिताला घाबरणारे आईवडील वारंवार गृहपाठात मदत करतात तेव्हा मूल वर्षभरात गणित कमी शिकतं. घराण्यातून येतं ते असं येतं.

दुसरा मुलगा सहावीतला. गोष्ट सांगायला लागला की ऐकत राहावं. पण टेबलावर चार मणी ठेवले तरी तो बोट ठेवून एक, दोन, तीन, चार असे मोजायचा. आपल्याला चार मणी न मोजताच ‘चार’ दिसतात, त्याला दिसत नव्हते. आठ आणि पाच किती हे काल सांगितलं तरी आज पुन्हा बोटांवर पहिल्यापासून. काट्यांचं घड्याळ वाचता येत नाही, दुकानदार देईल ती मोड घेऊन घरी. घर, दुकान, वर्ग, सगळीकडे अडचण तीच. हे डिस्कॅल्क्युलियाचं लक्षण. बुद्धी चांगली असते, कष्टही कमी नसतात; आकड्याचा अंदाजच हाताला लागत नाही. शंभरातल्या साधारण तीन ते सात मुलांना ही अडचण असते.

(मध्येच एक तिसरी भानगड. मराठीत ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहायचा मात्र सहा आधी. ‘एकोणसाठ’मध्ये साठ ऐकू येतात आणि लिहायचे ५९. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ आलं तेव्हा विनोदांचा पाऊस पडला. मी स्वतः त्रेसष्टच म्हणतो, पण ६३ ऐवजी ३६ लिहिणारं प्रत्येक मूल ना घाबरट असतं ना अक्षम. ते फक्त जे ऐकलं ते लिहितं.)

उपाय मात्र जवळजवळ उलटे. त्या मुलीला “मन घट्ट कर, तू हुशार आहेस” सांगून काही हललं नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली मांडलं होतं, की ‘मला जमेल’ या विश्वासाचा सगळ्यात भक्कम आधार म्हणजे आधी जमल्याचा स्वतःचा अनुभव, शाबासकी त्यानंतर. म्हणून घड्याळ काढून टाकलं आणि तिच्याच गाड्याचा हिशोब तिच्याकडून वहीत लिहून घेतला. कंस म्हणजे गिऱ्हाइकाची पिशवी, एवढंच. तिला गणितातून सवलत मिळवून दिली असती, तर समजुतीवर सरकारी शिक्का बसला असता.

मुलाला मात्र “मनात आणलंस तर जमेल” म्हणणं निव्वळ दुष्टपणा. त्याची रीतसर तपासणी हवी. मुंबईत सायन, केईएम, नायर अशा रुग्णालयांत ती होते. बुद्धिमापन, शैक्षणिक चाचण्या, डोळे-कान असं सगळं पाहून प्रमाणपत्र मिळतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आहे, आणि दहावीला वाढीव वेळ, कॅल्क्युलेटर अशा सवलतीही.

कागदावर हे दोन वेगळे रकाने दिसतात, मुलात तसे राहत नाहीत. चार वर्षं बोलणी खाल्ल्यावर त्या मुलालाही धास्ती बसली होतीच. प्रमाणपत्र आलं त्या दिवशी त्याच्या वडिलांनी सुटकेचा श्वास टाकून विचारलं, “म्हणजे याला गणित येणारच नाही, असंच ना?” मुलगा शेजारीच उभा.

मी मण्यांचा डबा काढला. चार-चारच्या रांगा लावून बारा कसे होतात ते त्याला करायला दिलं. दोन मिनिटांच्या कामाला त्याला वीस मिनिटं लागली. उत्तर बरोबर होतं.