विद्यापीठ आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचा पगार

सरकारी विद्यापीठाच्या आवारात पोरांसाठी जो दवाखाना असतो तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला मिळणारा मोबदला. मराठवाड्यात हा विषय मुख्यतः संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ (१९५८), परभणीचं कृषी विद्यापीठ (१९७२) आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४) यांच्या संदर्भात येतो. हा मोबदला दोन तऱ्हेचा, मंजूर पदावर असेल तर वेतन आणि कंत्राटावर असेल तर ठोक मानधन.

मानधन हा शब्द मूळचा माणसाबद्दलचा. संस्कृतात तो बहुव्रीही, मान हेच ज्याचं धन असा तो, आणि किरातार्जुनीय ह्या संस्कृत महाकाव्याच्या पहिल्या सर्गात दुर्योधनाच्या योद्ध्यांना 'मानधनाः' म्हटलंय, त्याला लागूनच 'धनार्चिताः' म्हणजे धन देऊन गौरवलेले असं वेगळं विशेषण आहे, म्हणजे तिथे मान वेगळा आणि पैसा वेगळा. मराठीत तो पैशाचा शब्द कसा झाला हे दोन प्रकारे सांगता येतं, एकतर जुन्याच शब्दाचा अर्थ सरकला किंवा इंग्रजी अमदानीनंतर कधीतरी ऑनरेरियमला, म्हणजे मानाखातर दिल्या जाणाऱ्या ठोक रकमेला, प्रतिशब्द हवा म्हणून 'मानाचं धन' असा समास नव्यानं जुळवला. दुसरं जास्त पटतं, कारण मराठीत तो सरळ नपुंसकलिंगी नाम आहे, विशेषणाची छटा उरलेलीच नाही. पण मग ऑनरेरियम हा अधूनमधून येणाऱ्या पाहुण्या तज्ज्ञाचा, आणि रोज ओपीडीत बसून हॉस्टेलच्या पोरांचा ताप, कावीळ, परीक्षेच्या दिवसातली घाबरगुंडी बघणाऱ्या डॉक्टरला तो शब्द लावणं चुकीचंच आहे, कारण त्या एका शब्दानं महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, वार्षिक वाढ सगळंच बाजूला पडतं.

नियमित पदासाठी तुलनेला राज्य आरोग्य सेवेतला गट अ चा वैद्यकीय अधिकारी घेतात, सातव्या वेतन आयोगात त्याची वेतनश्रेणी ५६,१००–१,७७,५०० रुपये. यावर व्यवसायरोध भत्ता, म्हणजे खासगी प्रॅक्टिस न करण्याबद्दलचा. केंद्रात तो सहाव्या आयोगात मूळ वेतनाच्या २५ टक्के होता, सातव्यात २० झाला, म्हणजे सुरुवातीच्या वेतनावर ११,२२०, आणि महागाई भत्ता काढताना तोही वेतनात धरतात म्हणून ह्या एका भत्त्याचा फरक दिसतो त्यापेक्षा मोठा पडतो.

आयुर्वेदाची पदवी बीएएमएस आणि ॲलोपॅथीची एमबीबीएस, ह्या दोन्ही डॉक्टरांना सारखंच मिळावं का हा वाद वेगळा. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं दिल्लीच्या प्रकरणात आयुष (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) डॉक्टरांना निवृत्तीचं वय ॲलोपॅथीवाल्यांइतकंच मान्य केलं, पण एप्रिल २०२३ मध्ये गुजरातच्या प्रकरणात दोघांचं काम समान नाही म्हणून समान वेतन नाकारलं. दोन्ही निकाल एकत्र वाचले तर वय आणि पगार ह्या गोष्टी कोर्टानं वेगळ्या तोलल्या असं म्हणणं बरं. कंत्राटी माणसाला जास्त उपयोगी पडणारा निकाल २०१६ चा, पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग, काम तेच असेल तर तात्पुरत्यालाही नियमित श्रेणीचं किमान वेतन मिळावं असं त्यात आहे.

घरभाडे भत्ता शहरावर ठरतो. केंद्राच्या एक्स, वाय, झेड ह्या मोठ्या शहरापासून लहानाकडे जाणाऱ्या वर्गवारीत संभाजीनगर आणि नांदेड-वाघाळा वाय वर्गात, परभणी झेडमध्ये.