बिटकॉइनची लिक्विडिटी आणि तुम्हाला प्रत्यक्ष मिळणारा भाव

ॲपवर ठळक दिसणारा बिटकॉइनचा भाव हा नुकत्याच झालेल्या सौद्याचा असतो. तो सौदा हजार रुपयांचाही असू शकतो. तुम्हाला पंधरा-सोळा लाखांची खरेदी करायची असेल, तर त्या भावाला तेवढा माल आहे का, हे ऑर्डर बुक (घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी लावलेल्या ऑर्डरींची यादी) उघडल्यावरच कळतं. भाव फारसा न हलवता जेवढा माल घेता-विकता येतो, तेवढी त्या बाजाराची लिक्विडिटी.

समजा, विक्रीच्या ऑर्डरी अशा लागल्या आहेत (आकडे उदाहरणापुरते):

८०,००,००० रुपये भावाला ०.०२ बिटकॉइन
८०,१५,००० ला ०.०५
८०,६०,००० ला ०.१०
८१,२०,००० ला ०.१०

०.२० बिटकॉइनची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला लगेच खरेदी) टाकली की वरच्या तीन ऑर्डरी संपतात आणि उरलेले ०.०३ चौथीतून मिळतात. एकूण लागतात १६,१०,३५० रुपये. स्क्रीनवरच्या भावाने १६ लाखच लागायला हवे होते. वरचे १०,३५० रुपये म्हणजे स्लिपेज. शिवाय आता स्क्रीनवर ८१,२०,००० दिसू लागतं. कुठलीही बातमी नसताना एका ऑर्डरने भाव दीड टक्का चढला. विकताना हेच उलट्या दिशेने होतं. प्रत्येक भावाला पाच-पाच बिटकॉइन लागलेले असते, तर भाव जागचा हललाही नसता.

चोवीस तासांच्या उलाढालीच्या आकड्यावर विसंबू नका. तो झालेले सौदे सांगतो, आत्ता समोर किती माल उभा आहे ते नाही.

रुपयातल्या सौद्यांचं ऑर्डर बुक पातळ, म्हणजे कमी मालाचं, का?

मोठं कारण कर. १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून १ टक्का टीडीएस कापला जातो, मग नफा असो वा तोटा. दोन्ही बाजूंना सतत ऑर्डरी लावून बाजारात माल ठेवणारा मार्केट मेकर एका सौद्यात टक्क्याचा अगदी लहान अंश कमावतो. दर विक्रीला १ टक्का अडकत गेला, तर त्याचं भांडवल बघता बघता आटतं. नफ्यावर ३० टक्के कर आहेच आणि तोटा वजावटीला मिळत नाही. बुक पातळ असलं की रुपयातला भाव डॉलरमधल्या भावापासून दूर जाऊ शकतो. म्हणून खरेदीआधी डॉलरमधल्या भावाला डॉलरच्या दराने गुणून पाहा. रुपयातला भाव त्याहून बराच वर असेल तर थांबा.

‘झटपट खरेदी’च्या बटणामागेही फरक लपलेला असतो. एकाच क्षणी खरेदीचा भाव ८०,८०,००० आणि विक्रीचा ७९,२०,००० दिसत असेल, तर भाव सुमारे २ टक्के वाढेपर्यंत तुम्ही तोट्यातच आहात. फी आणि तिच्यावरचा जीएसटी वेगळा.

ऑर्डर कशी टाकावी

लिमिट ऑर्डरच वापरा, म्हणजे तुम्ही ठरवलेल्या भावाहून महाग खरेदी होत नाही. चालू भावापासून १ टक्क्याच्या आत जेवढा माल आहे, त्याच्या दहाव्या हिश्शाहून मोठी ऑर्डर एका वेळी टाकू नये, असा आमचा सल्ला. वरच्या उदाहरणात तो माल ०.१७ आहे, म्हणजे एका वेळी ०.०१७. पुढची ऑर्डर टाकायची ती बुक पुन्हा भरल्यावर. वेळ जातो, पण पैसे वाचतात.

घबराटीत लिक्विडिटी सगळ्यात आधी आटते. १२ मार्च २०२० रोजी बिटकॉइन एका दिवसात सुमारे ८,००० डॉलरवरून ५,००० च्या खाली आला. उसन्या पैशांवरचे सौदे एक्स्चेंजने सक्तीने कापले, त्या विक्रीने भाव आणखी पडला आणि पुढचे सौदे कापले गेले. घेणाऱ्यांनी तर ऑर्डरी आधीच काढून घेतल्या होत्या. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी बायनान्स.यूएस या अमेरिकेतल्या एक्स्चेंजवर भाव ६५,००० डॉलरच्या आसपास असताना क्षणभर ८,२०० पर्यंत कोसळला, तोही एका संस्थात्मक ग्राहकाच्या अल्गोरिदममधल्या चुकीने. इतर मोठ्या एक्स्चेंजवर असं काहीच घडलं नव्हतं.

अशा क्षणी साधा स्टॉप लॉस (भाव ठरलेल्या पातळीपर्यंत पडला की आपोआप विकणारी ऑर्डर) मिळेल त्या भावाला माल विकून टाकतो. स्टॉप-लिमिट लावा: ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर सुरू होते तो) ७६,००,००० आणि लिमिट (ज्याहून स्वस्त विकायचं नाही तो भाव) ७५,००,०००, असं. भाव त्याखाली एकदम घसरला तर ही ऑर्डर पूर्ण होणार नाही आणि माल तुमच्याकडेच राहील. तो धोका पेलणार नसेल, तर गुंतवणुकीची रक्कमच कमी करा.